क्राउन-पिनियन बसवताना अंदाज नको, माप हवे

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला किंमत आहे. ग्राइंडिंगच्या शॉपमध्ये शाफ्टचा व्यास दोन-तीन शतांशांनी चुकला तर तो नग बाजूला पडतो आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. आयटीआय करून आलेला मुलगा मशीनला हात लावण्याआधी मायक्रोमीटर धरायला शिकतो. त्याच वसाहतीच्या आसपासच्या गॅरेजात पिकअपची मागची हाउसिंग उघडली जाते तेव्हा मात्र बऱ्याचदा पिनियनचा नट ‘हाताला घट्ट लागेपर्यंत’ आवळला जातो. क्राउनचा प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, बोटाने हलवून ठरतो. जुन्या शिमा, म्हणजे माप जुळवणाऱ्या पातळ चकत्या, धुवून परत बसतात, कधी कुठली कुठल्या बाजूची होती हे न पाहताच. गाडी बाहेर पडते, मिरजेपर्यंत जाते आणि साठच्या वेगाला मागून हुंकार सुरू होतो. मग दोष क्राउन-पिनियनच्या नव्या जोडीवर येतो. जोडी बहुतेक वेळा निर्दोष असते, ती जागेवर बसलेली नसते.

हे काम अवघड नाही, पण त्याला क्रम आहे आणि प्रत्येक पायरीला एक माप आहे. हे माप घेणारी हत्यारे आणि ती वापरणारे हात कुपवाडात रस्ता ओलांडला की सापडतात. ती सवय गॅरेजात यावी, एवढ्यासाठीच हा लेख.

आपल्या भागात मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची कमी नाही. बोलेरो आणि तिची पिकअप, टाटा एस, सुमो, ईको, ओम्नी, कुठेकुठे अजून राबणारी महिंद्राची जुनी जीप. तासगाव-कवठेमहांकाळची द्राक्षे, सांगलीच्या बाजारपेठेतली हळद, घरबांधणीची वाळू-सिमेंट हा सगळा भार याच गाड्यांच्या मागच्या एक्सलवरून जातो, आणि तो कागदावरच्या क्षमतेइतकाच असतो असे नाही. म्हणून डिफरन्शियलचे काम इथे नेहमीचे आहे.

आत काय असते ते थोडक्यात पाहू. प्रॉपेलर शाफ्टकडून येणारी गती लहान पिनियन घेतो आणि मोठ्या क्राउनला काटकोनात वळवून देतो. क्राउन ज्या पेटीवर बोल्टने बसतो, त्या पेटीत चार छोटे गिअर असतात. वळणावर आतले चाक हळू आणि बाहेरचे जोरात फिरू देणे हे त्यांचे काम. पिनियनला दोन टेपर रोलर बेअरिंगे, पेटीला दोन्ही बाजूंना एकेक. म्हणजे चार बेअरिंगे मिळून दोन गिअर हवेत धरून ठेवतात. गिअरला स्वतःची जागा नसते, बेअरिंगने दिलेली जागा हीच त्याची जागा. हे एकदा पटले की ‘गिअर सेट करणे’ म्हणजे प्रत्यक्षात बेअरिंगे सेट करणे आहे, हेही पटते.

आणखी एक गोष्ट. या गाड्यांतला पिनियन साधारणपणे क्राउनच्या मध्यरेषेवर नसतो, थोडा खाली असतो. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने विकसित केलेली ही हायपॉइड रचना पॅकार्ड मोटारींतून रुळली. प्रॉपेलर शाफ्ट खाली आला, गाडीचा तळ खाली आला, दात अधिक भक्कम झाले. पण हायपॉइड दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. त्यामुळे तेल वेगळे लागते आणि दातांचा स्पर्श नेमक्या जागी पडावा लागतो. या रचनेत चुकीला माफी फार थोडी आहे.

हाउसिंग उघडण्याआधी आवाज नीट ऐका, कारण निम्मे निदान तिथेच होते. गाडी ताशी साठच्या वेगाने चालली असेल, तर चाक मिनिटाला साधारण साडेचारशे फेरे घेते. क्राउन-पिनियनचे गुणोत्तर चार असेल, तर पिनियन अठराशे घेतो. म्हणून पिनियनच्या बेअरिंगचा आवाज उंच, शिट्टीसारखा असतो. पेटीच्या किंवा चाकाच्या बेअरिंगचा आवाज जाडा, घरघरता असतो. अॅक्सिलरेटर दाबल्यावर हुंकार आणि सोडल्यावर शांत, असे असेल तर दातांच्या ओढणाऱ्या बाजूचा स्पर्श बिघडला आहे किंवा पिनियन मागेपुढे सरकतो आहे. पाय काढल्यावरच आवाज येत असेल, तर पिनियनचा नट आणि त्याच्या बेअरिंगचा ताण आधी तपासा. फक्त वळणावर खडखड झाली तर पेटीतले छोटे गिअर आणि त्यांचे वॉशर पाहा. गाडी एका बाजूला झुकवल्यावर घरघर वाढली, तर बहुधा चाकाचे बेअरिंग गेले आहे आणि डिफरन्शियल उघडायची गरजच नाही. गिअर टाकताना मागून ‘टक’ असा धक्का येतो तेव्हा आधी प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून पाहा. डिफरन्शियलचे मोठे काम अंगावर घेण्याआधी काही शे रुपयांचा क्रॉस बाद ठरवणे शहाणपणाचे.

सांगलीकरांनी एक कारण विशेष लक्षात ठेवावे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. धावून आलेली गाडी गरम हाउसिंगसह पाण्यात गेली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढले जाते. इंजिन सुरू झाले म्हणून मालक निर्धास्त होतो, मागचे तेल कुणी पाहत नाही. ते दुधट झालेले असते. काही आठवड्यांत बेअरिंगच्या कपवर रोलरच्या अंतराने काळपट रेघा उमटतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी ओरडू लागते. पाण्यातून काढलेल्या गाडीचे डिफरन्शियलचे तेल त्याच आठवड्यात बदला. उशीर झाला असेल तर बेअरिंगे उघडून पाहिल्याशिवाय गाडी भाराला लावू नका.

आता खोलण्याकडे. चाकांना अडण्या लावा, गाडी जॅकवर नव्हे तर स्टँडवर घ्या, एक्सल शाफ्ट बाहेर काढा. काही गाड्यांत डिफरन्शियलचा पूर्ण संच हाउसिंगच्या पुढून निघतो आणि टेबलावर काम करता येते. काहींत मागचे झाकण काढून हाउसिंगच्या पोटातच सगळे करावे लागते. काहीही असो, बोल्टला पाना लावण्याआधी आहे त्या स्थितीत प्ले मोजा, दातांना रंग लावून स्पर्शाचा ठसा पाहा, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. जुन्या स्थितीचे हे माप तुमचा नकाशा आहे. एकदा खोलले की तो परत मिळत नाही.

पेटीच्या बेअरिंगवरच्या दोन कॅप हाउसिंगसोबत जोडीने बोअर केलेल्या असतात. डावी उजवीकडे गेली, उलटी बसली, तर बेअरिंगचे बोअर गोल राहत नाही. पंचने एकीवर एक ठिपका, दुसरीवर दोन, आणि हाउसिंगवर त्यांच्यासमोर तेच ठिपके. शिमा निघतील तशा डाव्या-उजव्या वेगळ्या पिशवीत, मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजून आकडा लिहून. तेल काढताना ते पांढऱ्या भांड्यात काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा असणे नैसर्गिक आहे, चकचकीत पापुद्रे किंवा तुकडे नैसर्गिक नाहीत.

पिनियनचे आतले बेअरिंग दाबून बसलेले असते. ते काढायला दोन पात्यांचा सेपरेटर आणि प्रेस वापरा, छिन्नी-हातोडी नको. त्याच्याखाली पिनियनच्या डोक्याला टेकून जी शिम निघते, ती या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची चकती. काही रचनांत ती बेअरिंगच्या बाहेरच्या कपमागे असते. ती वाकली, तिच्यावर ओरखडा आला, तर माप घेऊन नवी घ्या.

बेअरिंग बदलताना कप आणि कोन, म्हणजे बाहेरचे कडे आणि रोलरसह आतला भाग, जोडीनेच बदलायचे. जुन्या कपमध्ये नवा कोन हा पैसे वाचवण्याचा मार्ग नाही. जुन्या कपवर रोलरने स्वतःची वाट घासलेली असते, नवे रोलर तिच्यावर कधीच सरळ चालत नाहीत. आणि बेअरिंग अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, बिल घेऊन. बनावट बेअरिंगचा खोका अस्सल दिसतो, पण आतल्या पोलादाचा आणि मापाचा भरवसा नसतो. हे काम त्या भरवशावरच उभे आहे.

कप बसवताना हाउसिंगमधली त्याची जागा स्वच्छ पुसा, बोट फिरवून खरवड आहे का पाहा. जुना कप बाहेरून थोडा ग्राइंड करून घेतला तर नवा कप ठोकायला तो उत्तम साधन होतो. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बोदा होता तो टणक होतो. तरी कानावर सोडू नका, सगळीकडून पातळ फीलर गेज घालून पाहा, ते कुठेही आत जाता कामा नये. कोन गरम करून बसवायचा असेल तर तेलात किंवा इंडक्शन हीटरवर, ११०-१२० अंशांच्या वर नाही. गॅसच्या ज्योतीने तापवलेल्या बेअरिंगची कडकपणाची थर्मल प्रक्रिया वाया जाते, आणि ते वरून कळत नाही.

इथे कुपवाडचा फायदा घ्या. पिनियनची खोली ठरवताना बेअरिंग अनेकदा काढावे-घालावे लागते, आणि दर वेळी नवे बेअरिंग प्रेसवर ओढले तर ते तिथेच खराब होते. त्यावर उपाय सेटिंग बेअरिंगचा. त्याच नंबरच्या जुन्या पण शाबूत बेअरिंगचे आतले भोक थोडे ग्राइंड करून घ्यायचे, म्हणजे ते हाताने सरकते आणि शिम बदलायला मिनिटही लागत नाही. बेअरिंगचे पोलाद कडक असल्याने साध्या टूलने ते कातता येत नाही. इंटरनल ग्राइंडिंग करणाऱ्याकडे द्या, त्याला हे काम किरकोळ आहे. फक्त एक काळजी घ्या. नव्या बेअरिंगची उंची सेटिंग बेअरिंगइतकीच आहे का ते मोजा, फरक असेल तर तो शेवटच्या शिममध्ये धरा. नवे बेअरिंग ०.०४ मिमी उंच निघाले, तर पिनियनचे डोके तेवढे क्राउनकडे ढकलले जाते, म्हणून शिम ०.०४ मिमी पातळ हवी.

आता पिनियनची खोली, म्हणजे त्याचे डोके क्राउनच्या मध्यरेषेपासून किती लांब आहे ते. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. दोन्हींवर तोच जोडक्रमांक कोरलेला असतो, तो जुळत नसेल तर ती जोडी दुकानातच परत करा. पिनियनच्या डोक्यावर बऱ्याचदा अधिक किंवा उणे चिन्हासह आणखी एक आकडा असतो. हा विशिष्ट पिनियन आदर्श जागेपासून किती दूर बसवला तर गप्प चालेल, हे तो आकडा सांगतो. नेहमीच्या पद्धतीत अधिक म्हणजे क्राउनपासून लांब, म्हणजेच शिम पातळ. उणे म्हणजे जवळ, शिम जाड. समजा जुन्या पिनियनवर +२ होते आणि नव्यावर −३ आहे, तर फरक पाच. एकक शतांश मिलिमीटर असेल तर जुन्या शिमेत ०.०५ मिमी वाढवायचे. एकक इंचाचे सहस्रांशही असू शकते, आणि काही कंपन्यांची चिन्हे उलटी चालतात. म्हणून आपल्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत चिन्हाचा अर्थ आधी वाचा.

आकडा नसेल, पुसला असेल, किंवा हाउसिंगच बदललेली असेल, तर खोली मोजावीच लागते. त्यासाठी पेटीच्या बेअरिंगच्या जागेत बसणारा, ग्राइंड केलेला मँड्रेल करून घ्या. त्याची मध्यरेषा तीच क्राउनची मध्यरेषा. पिनियनच्या डोक्यापासून मँड्रेलपर्यंतचे अंतर स्लिप गेज किंवा डेप्थ मायक्रोमीटरने मोजा, त्यात मँड्रेलची त्रिज्या मिळवा. एखाद्या गाडीची कामे तुमच्याकडे वारंवार येत असतील, तर तिच्या मापाचा मँड्रेल एकदा करून ठेवलात की तो गॅरेजची कायमची मालमत्ता आहे. एवढ्या अचूक ग्राइंडिंगसाठी मोठ्या शहरातल्या मिस्त्रीला पत्ता शोधावा लागतो. तुम्हाला तो शेजारी आहे.

खोली ठरली की पिनियनच्या बेअरिंगचा पूर्वताण. मेकॅनिक याला प्रीलोड म्हणतात. टेपर बेअरिंग जोडीने, एकमेकांविरुद्ध किंचित दाबून बसवावे लागते. गाडी ओढताना पिनियन क्राउनपासून दूर ढकलला जातो, पाय काढला की आत ओढला जातो. बेअरिंगात जरा ढिलाई असेल तर पिनियन दर वेळी पुढे-मागे होतो आणि तुम्ही शतांशांत बसवलेली खोली व्यर्थ जाते. ताण जास्त झाला तर बेअरिंग तापते, निळे पडते. म्हणून तो मोजायचा, आणि मोजायची रीत म्हणजे पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते पाहणे.

हलक्या गाड्यांत नव्या बेअरिंगना हा जोर साधारण २ ते ३.५ न्यूटन-मीटर, म्हणजे २० ते ३५ किलो-सेंमी असतो. वापरलेल्या बेअरिंगना त्याच्या निम्मा. नेमका आकडा पुस्तिकेतला घ्या आणि तो सील बसवण्याआधीचा आहे की नंतरचा, तेही पाहा. या कामाचा डायल टॉर्क रेंच नसेल तर स्प्रिंग बॅलन्सही चालतो. फ्लेंजभोवती दोरी गुंडाळून ओढा, फ्लेंज सारखा फिरत असतानाचा आकडा घ्या, सुटतानाचा नको. फ्लेंजची त्रिज्या पाच सेंटिमीटर असेल आणि काटा पाच किलो दाखवत असेल, तर २५ किलो-सेंमी झाले. मोजण्याआधी बेअरिंगना थोडे तेल देऊन पिनियन दोन्हीकडे बराच फिरवा, रोलर जागेवर बसू द्या.

पुष्कळ गाड्यांत दोन बेअरिंगांमध्ये दबणारी नळी असते, जिला कोलॅप्सिबल स्पेसर म्हणतात. नट आवळताना ही नळी चेपते आणि ताण निर्माण होतो. ती चेपायला सुरुवात होण्यासाठीच प्रचंड जोर लागतो, मग मात्र नटाच्या अगदी थोड्या फिरकीत ताण झपाट्याने वाढतो. म्हणून लांब दांड्याने फ्लेंज धरून, थोडे आवळा, मोजा, पुन्हा थोडे आवळा, पुन्हा मोजा. एअर गनने हे काम करू नका, एका झटक्यात ती मर्यादा ओलांडते. आणि ओलांडली तर नट मागे फिरवून ताण कमी करायचा मोह टाळा. नळी चेपलेलीच राहते, नट मात्र सैल होतो आणि हजार-दोन हजार किलोमीटरवर पिनियन हलू लागतो. नळी काढून टाका, नवी घाला, पहिल्यापासून आवळा. नळी एकदाच वापरायची वस्तू आहे, नटही नवा घ्यावा.

क्राउन पेटीवर बसवण्याआधी दोन्ही टेकणाऱ्या पृष्ठभागांवर सपाट तेलदगड फिरवा. एखादा बारीक कणही क्राउनला वाकडा फिरवतो. क्राउन गरम तेलात किंवा गरम पाण्यात घालून सैल करा, मग बसवा, आणि थंड झाल्यावर समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थ्रेड-लॉक लावून, पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा. पेटी बेअरिंगांवर बसवून क्राउनच्या मागच्या बाजूवर डायल गेज टेकवा आणि फिरवा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त लचक दिसली तर पुढे जाऊ नका.

मग प्ले. पिनियन घट्ट धरा, डायलची सुई क्राउनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाला काटकोनात टेकवा आणि क्राउन मागे-पुढे हलवा. छोट्या गाड्यांत ०.१३ ते ०.२० मिमी हा नेहमीचा पल्ला, तरी अंतिम शब्द पुस्तिकेचा. एकाच जागी मोजून थांबू नका. निदान चार ठिकाणी मोजा. ठिकाणांमधला फरक ०.०५ मिमीपेक्षा मोठा असेल तर क्राउन वाकडा बसला आहे. सर्वांत कमी प्ले जिथे मिळतो तिथेच तुमचे माप धरा, कारण तापल्यावर दात आधी तिथेच आवळतात.

प्ले बदलायचा तर क्राउन डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचा. शिमांची रचना असेल तर एका बाजूची जेवढी काढाल तेवढीच दुसऱ्या बाजूला घाला, म्हणजे पेटीच्या बेअरिंगचा ताण तोच राहतो. अॅडजस्टर नट असतील तर एक जितक्या खाचा सैल, दुसरा तितक्याच खाचा घट्ट. क्राउन ०.१ मिमी सरकवला की प्ले साधारण ०.०७ मिमीने बदलतो. ही गोळाबेरीज डोक्यात असली की चाचपडणे थांबते. शेवटची सरकवण नेहमी एकाच दिशेने करा, नाहीतर आट्यांत राहिलेला सैलपणा आकड्यात लपतो.

आता सगळ्या मापांची साक्ष, दातांवरचा ठसा. फिटिंग शॉपमध्ये स्क्रेपिंगला लागणारा प्रुशियन ब्लू इथे काळसर दिसतो, पिवळ्या रंगाचा गिअर मार्किंग कंपाउंड अधिक स्पष्ट वाचता येतो. शेंदूर तेलात कालवून लावण्याची जुनी पद्धत आहे, पण शेंदूर शिशाचा असतो, ती सोडून द्या. क्राउनच्या तीन-चार लागोपाठच्या दातांना दोन्ही बाजूंनी पातळ थर द्या, लाकडाची फळी अडवून क्राउनला विरोध निर्माण करा आणि पिनियन दोन्ही दिशांनी अनेक फेरे फिरवा. विरोध न देता काढलेला ठसा खोटे बोलतो.

दाताला आतले टोक, बाहेरचे टोक, वरचा माथा आणि खालचे मूळ अशा चार दिशा आहेत. बाहेर फुगलेली बाजू ओढतानाची, आत वाकलेली बाजू पाय काढतानाची. ठसा दोन्ही बाजूंना माथा आणि मूळ यांच्या मधोमध हवा, आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला असला तरी चालेल, कारण भार आल्यावर तो बाहेर सरकतो. कुठल्याही टोकाच्या कडेवरून तो बाहेर पडता कामा नये.

वाचायचा क्रम असा ठेवा. आधी उंची, मग लांबी. ठसा दोन्ही बाजूंना मुळाजवळ गेला असेल तर पिनियन खूप आत आहे, शिम पातळ करा. दोन्ही बाजूंना माथ्याकडे असेल तर पिनियन लांब आहे, शिम जाड करा. पिनियन आत जाताना ओढणाऱ्या बाजूचा ठसा आतल्या टोकाकडे आणि दुसऱ्या बाजूचा बाहेरच्या टोकाकडे सरकतो. दोन्ही बाजू विरुद्ध दिशांना पळताना दिसल्या की प्लेशी खेळू नका, चूक खोलीत आहे. उलट दोन्ही ठसे एकदमच बाहेरच्या टोकाकडे गेले असतील तर प्ले जास्त आहे, क्राउन जवळ आणा. दोन्ही आतल्या टोकाकडे असतील तर प्ले कमी आहे, लांब करा. मोठी चूक असेल तर शिम ०.१०-०.१५ मिमीने बदला, ठसा कुठून कुठे गेला ते पाहा, मग ०.०५ च्या आणि त्याहून लहान पावलांनी जवळ या. आणि दर बदलानंतर प्ले पुन्हा जुळवा, नाहीतर दोन चुका एकमेकींत मिसळतात.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीवर हलकासा घास घेतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घास घेतो. ठशाचे काम त्याच धीराने करायचे आहे, फक्त आपल्याजवळ ऐकण्याआधी दिसणारी खूण आहे.

जुनीच जोडी परत वापरायची असेल तर सगळा विचार बदलतो. वापरलेल्या दातांनी आपली वाट घासून घेतलेली असते. त्यांना पुस्तकातल्या आदर्श ठशावर आणायला गेलात तर गप्प चालणारी जोडी ओरडायला लागेल. तिथे उद्दिष्ट एकच, जुनी खोली आणि जुना प्ले जसाच्या तसा परत आणणे. खोलण्याआधी घेतलेले माप आणि फोटो इथे कामी येतात.

ज्यांना दातांची संख्या निरर्थक वाटते त्यांच्यासाठी एक टीप. महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपच्या क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात, गुणोत्तर ५.३८. दोन्ही आकड्यांना एक सोडून सामाईक विभाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात आळीपाळीने क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सारखी वाटली जाते. ४० आणि १० सारख्या जोडीत मात्र ठरावीक दातच ठरावीक दातांना भेटत राहतात. अशा जोडीवर जुळवण्याच्या खुणा असतील तर त्या जुळवूनच बसवा.

बंद करताना सील नवा, आणि फ्लेंजवर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर फ्लेंजही बदला किंवा त्यावर स्लीव्ह चढवा. ब्रीदर साफ करा, तो बुजलेला असेल तर आतला दाब नवा सीलही फाडतो. पाण्यात जाणाऱ्या गाडीला ब्रीदरची नळी चासीपर्यंत उंच नेणे हा अगदी स्वस्त विमा आहे. तेल जीएल-५ दर्जाचे, बहुतेक गाड्यांना ८०डब्ल्यू-९० किंवा पुस्तिकेत असेल ते. हायपॉइड दातांचा घसटता दाब सहन करणारी रसायने त्याच तेलात असतात. गिअरबॉक्सचे उरलेले तेल मागे ओतू नका, आणि हे तेल गिअरबॉक्समध्येही नको, त्यातली रसायने काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा खातात.

पहिली फेरी रिकाम्या गाडीची. पंधरा-वीस मिनिटे मध्यम वेगाने चालवा, वेग कमी-जास्त करत राहा, मग थांबा. हाउसिंगच्या पुढच्या तोंडाला, पिनियनच्या बेअरिंगजवळ हात ठेवता येतो का पाहा. कोमट-गरम ठीक, हात ठेववत नसेल तर ताण जास्त आहे. मग गाडी अर्धा तास थंड होऊ द्या. पहिले आठशे किलोमीटर द्राक्षांचा भार नाही, ट्रॉली ओढणे नाही, आंबा घाट नाही. मालकाला हे कामाच्या आधीच सांगा, नंतर सांगितले तर हंगामाच्या धांदलीत तो ऐकणार नाही. आठशे ते हजार किलोमीटरला तेल काढून नवे भरा आणि चुंबक पाहा. राखाडी पेस्ट असेल तर दात एकमेकांना सरावले आहेत. टोचणारा एकही तुकडा असेल तर झाकण पुन्हा उघडा.

शिमांची जाडी, पिनियनवरचा आकडा, प्रीलोड, चारही ठिकाणचा प्ले, तारीख आणि मीटरवरचा आकडा हे सगळे बिलाच्या मागे लिहून मालकाला द्या, आणि एक प्रत गॅरेजच्या वहीत ठेवा.